मांडवाबाहेरचं पान

६ ऑक्टोबर, सोमवार

आलो एकदाचा. रेवदंड्याचा पूल ओलांडला, सुक्या बोंबलांचा वास गाडीत शिरला आणि जीव खूश झाला. पेणच्या घरात बसून बसून अंगाला बुरशी येणार होती.

हॉटेलचं नाव 'अठरापगड'. समुद्राकडे तोंड करून नऊ खोल्या, एकेक खोली देशातल्या एकेका समाजाची. नागांची बांबूची, कच्छची आरशांची, काश्मीरची अक्रोडाच्या लाकडाची. एकीत नीलगिरीच्या तोडा लोकांची लाल-काळी शाल भिंतभर. एक आपल्याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलांची, ज्यांना आपण शनवार तेली म्हणतो, कोपऱ्यात तेलाचा लहानसा घाणा. मालकीण हेमालीबेन मुंबईच्या. त्या म्हणतात, अंबाजीभाई, पाहुण्यानं इथं यावं आणि सगळा देश फिरून जावं. मी म्हटलं, बेन, वडखळला माझ्या धाब्यावर तीस वर्षं सरदार, बिहारी, मल्याळी एकाच बाकावर मांडीला मांडी लावून जेवले, फक्त तेव्हा आम्हाला त्याच्या पाट्या लावायचं सुचलं नाही. खळखळून हसल्या. मला व्यवस्थापक नेमलं ते त्या धाब्यामुळंच.

उद्घाटन तुळशीच्या लग्नानंतर. नोकरमाणसं तीन नोव्हेंबरला येतील. तोवर मी आणि राखणदार नामा. नामा साठीचा, बोलतो कमी, भात चांगला शिजवतो.

ट्रकवर क्लीनर होतो तेव्हापासून रोजची नोंद लिहायची सवय आहे. तेव्हा डिझेल आणि टायर लिहायचो. आता काय लिहायचं ते बघू.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नववी खोली आज उघडून पाहिली आणि दारातच उभा राहिलो. ती आमची निघाली. आगऱ्यांची. हेमालीबेननी आत लग्नाचा मांडवच घातलाय. उंबराची फांदी, आंब्याचे टहाळे, दोन पाट, मधे धरायचा अंतरपाट, कोनाड्यात बाशिंगं. टहाळे कापडी आहेत, ते ठीक. पण पाट जुने, खरे. कुणाच्या तरी लग्नात वापरलेले. बसून बसून मधे गुळगुळीत झालेत.

आमच्याकडं लग्न लावते ती धवलारीण. बाईमाणूस. भटजी असला तरी तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय आगऱ्याचं लग्न लागलं असं कुणी मानत नाही. माझी आय जनी धवलारीण होती. मिठागरावर दिवसभर फळी ओढायची आणि लग्नसराईत गायची. तिच्यासारखा गळा खारेपाटात नव्हता. मी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकायचो. कान तेव्हापासून तिखट. पुढं ट्रकच्या आवाजावरून गाडी कुणाची आणि ड्रायव्हर प्यायलाय की नाही, दोन्ही सांगायचो.

कोकिळेशी माझं लग्नही आयच्याच धवल्यांनी लागलं. कोकिळा जाऊन पावसाळ्यात तीन वर्षं झाली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हेमालीबेनना प्रत्येक खोलीत त्या त्या लोकांचं गाणं हवंय. दार उघडलं की हळू आवाजात सुरू व्हावं. आठ खोल्यांची झाली, नवव्या खोलीसाठी धवलारीण शोधा म्हणाल्या.

चौलला दोघी भेटल्या. दोघींनीही तोंड फिरवलं. एकीनं विचारलं, चातुर्मासात धवला? कुणाच्या लग्नाचा? मी म्हटलं, कुणाच्या नाही, हॉटेलात लावायचाय. तेव्हा ती तिच्या सुनेला म्हणाली, या दादाचं डोकं उन्हानं तापलंय, त्याला ताक दे. ताक प्यायलो आणि निघालो. ताक बाकी झकास होतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लेकाचा, ऋत्विकचा फोन. दिवाळीला जमत नाही, सूनबाईच्या माहेरी जायचंय. मी म्हटलं, अरे जा, मला इथं समुद्र आहे. फोन ठेवल्यावर समुद्राचा आवाज जरा जास्तच ऐकू येत राहिला.

दुपारी एक विचार आला. शब्द मला पाठ आहेत, मग धवलारीण हवी कशाला? पुरुषानं गायचा नसतो, ठीक. पण इथं लग्न कुठं आहे? यंत्रात भरायचं गाणं ते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

भरलं गाणं.

तीन वाजता नवव्या खोलीत एकटा बसलो, पाटावर. खिडक्या लावल्या. हेमालीबेननी दिलेलं यंत्र समोर ठेवलं. पहिली ओळ गाताना लाज वाटली, मग गळा सापडला. आधी देवांना निमंत्रण, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्यांना. तिथं नावं घालावी लागतात. बापसाचं घातलं. आयचं घातलं. आणि ओघात कोकिळेचंही घातलं. तीन वर्षांत तिचं नाव असं मोठ्यानं घेतलं नव्हतं.

शेवटचं कडवं असं :

मांडवी या गो, पाटावर बसा गो,
ज्याला कोनी नाय, त्यानी पन या गो.

पुढं बोळवण असते. आलेल्यांना परत वाटेला लावायचं गाणं. ते मला येत नाही. बोळवण सुरू व्हायची वेळ आली की आय आम्हा पोरांना मांडवातून हाकलायची. तेव्हा तिथंच थांबलो आणि हेमालीबेनना तसंच पाठवून दिलं. पाहुण्यांना कुठं कळतंय!

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. उटणं एकट्यानं लावलं, पाठ तशीच राहिली.

हेमालीबेनचा फोन आला, बहु सरस, अंबाजीभाई, रडायला आलं. आणि विचारलं, मागच्या बाई कोण? त्यांचं नावही पाटीवर घालू.

मी म्हटलं, कुठल्या बाई?

दुपारी कानाला लावून ऐकलं. माझी ओळ संपते तिथं कुणीतरी ती उचलतं. अगदी बारीक. शब्द नाही, नुसता श्वास आणि सूर. दुसऱ्या माणसाला समुद्र वाटला असता. पण ओळीच्या शेवटी सूर थोडा नाकात नेऊन सोडायची ती एकच बाई मला ठाऊक आहे.

आय गेली त्याला एकवीस वर्षं झाली.

भ्यायलो नाही. खरं लिहितो, खोटं कुणासाठी लिहू? पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत तेच ऐकत बसलो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. तीन वाजले की नवव्या खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसतो. यंत्र लावत नाही आता. लावावं लागत नाही. आतून कुजबूज येते, लग्नघरातल्यासारखी. पाट सरकतो. कुणी खाकरतं, तो बापूस, विडीचा खोकला. मधेच बांगड्या. शब्द लागत नाहीत, पण भरलं घर कसं वाजतं ते मला ठाऊक आहे. पेणला आमचं तसं वाजायचं.

आणि आज चपला ऐकल्या. डावी थोडी ओढत. कोकिळा तशीच चालायची. खोलीतून निघाल्या, माझ्या खुर्चीपाशी क्षणभर थांबल्या, मग व्हरांड्यातून, अंगणातून थेट फाटकापर्यंत गेल्या. आणि तिथंच थांबल्या.

मी हाक मारली. काही नाही. रागावली असेल. जिवंत असतानाही रागावली की बोलायची नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नामा काम सोडून गेला.

भर दुपारी फाटकावर एक बाई आली म्हणाला. लुगडं ओलं, जसं काही समुद्रातून चालत आलेली. त्याला विचारलं, नवरा कुठं हाय? नामा म्हणाला, इथं लग्नबिग्न काही नाही बाय, हे हॉटेल आहे. ती हसली. म्हणाली, निमंत्रान हाय मला. आणि त्याच्या बाजूनं आत गेली. नामा मागोमाग धावला, तर अंगणात कुणी नाही. फरशीवर ओली पावलं, नवव्या खोलीपर्यंत.

मी म्हटलं, नामा, ऊन लागलंय तुला. तो म्हणाला, शेठ, मी चाळीस वर्षं होडीवर ऊन खाल्लंय, मला ऊन शिकवू नका. पिशवी उचलली. जाताना फाटकातून ओरडून म्हणाला, तुम्ही पण चला. मी हात हलवला.

फरशी पाहिली. वाळली होती. मिठाची पावलं उमटलेली होती, पांढरी. दारातून आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

म्हसळ्याला जाऊन आलो. केसरमावशीकडं. आयची जोडीदारीण, दोघी मिळून लग्नं लावायच्या. आता नव्वदीला टेकलीय, लेकीकडं असते, पाय सुजलेत. मला बघून म्हणाली, जनीचा सोकरा तू? पोट बघ केवढं, मिठाचं गोणपाट जसं! मी हसलो. मग सगळं सांगितलं आणि तिचं हसणं बंद झालं.

म्हणाली, बायकांची गानी चोरून आयकलास ते आयकलास, मेल्या, मंग अर्धीच का चोरलीस रं?

मग तिनं समजावलं. निमंत्रण आयचं असायचं, बोळवण हिची. एकटीला दोन्ही करायची परवानगी नव्हती, म्हणून जोडी. देव येतात, घरचे येतात, त्यांची काळजी नाही, ते आपले. पण शेवटचं कडवं ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी. बुडालेले, वाटेत मेलेले, बिनलग्नाचे गेलेले. आनंदाच्या दिवशी त्यांनाही विचारायचं, ही रीत. पण विचारलं की त्याच श्वासात हिनं पुढची ओळ उचलायची आणि त्यांचं पान मांडवाच्या बाहेर मांडायचं. मांडवात बसवायचं नाही. कारण बिनलग्नाची बाई एकदा पाटावर बसली की ती नवरी.

मी विचारलं, मग नवरा? मावशी म्हणाली, निमंत्रान कुनी दिलं, पाटावर कोन बसला?

आत्ताच्या आत्ता गा म्हटलं, फोनमध्ये भरून घेतो. तर हातातली काठी उगारली. यंत्रानंच घात केला ना तुझा? बोळवण त्याच मांडवात उभं राहून म्हणावी लागते. आणि तिला औषधाची सुई चालू आहे, शनिवारी लेक गाडीनं घेऊन येईल. रविवारी तुळशीचं लग्न. ते लागलं की लग्नाचे मुहूर्त उघडतात. तोवर ती बाई काही करू शकत नाही, नुसती बसून राहील. शनिवारपर्यंत खोलीत पाय टाकू नकोस. हळदीला हात लावू नकोस. आणि रोज बारा वाजता बाहेर एक पान मांड, उठून आली तर बरंच.

मी म्हटलं, पेणला जाऊन राहू का? ती म्हणाली, मनात असेल तर जा, फाटक उघडं आहे. पण मांडवात माझी मानसं बसलीत म्हणशील आनि परत येशील. तुझा बापूस पण तसाच होता, मेळ्यातून घरी न येनारा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पेणला निघालोही होतो. गाडीत बसलो. आतून आय गुणगुणत होती. शनिवारनंतर हा आवाज पुन्हा नाही, हे डोक्यात आलं. चार दिवस तर राहिलेत. चावी काढली.

बारा वाजता पान मांडलं, पायरीच्या खाली. भात, वरण, बोंबलाचं कालवण. तीन वाजेपर्यंत तसंच. कावळा फिरकला नाही, मुंगी नाही.

दाराच्या फटीतून पाहिलं. आत पाय टाकला नाही, नुसतं पाहिलं. डावा पाट ओला होता. त्याच्यावर चार शितं.

चपला आजही फाटकापर्यंत गेल्या. तिथं थांबून राहिल्या, बराच वेळ.

३० ऑक्टोबर, गुरुवार

घरच्यांचे आवाज कमी झालेत. बापूस खाकरत नाही. आय गात नाही, नुसती हुंकारते, कुणीतरी तोंडावर पदर दाबून धरल्यासारखी. डाव्या पाटावरून मात्र पाणी ठिबकतंय. थेंब, थांबा, थेंब. मी फरशी पुसायला गेलो नाही.

ऋत्विकला फोन लावला. म्हटलं, घरी येऊ का तुझ्याकडं चार दिवस? तो म्हणाला, बाबा, पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात या ना. बरं म्हटलं. त्याला काय सांगणार?

म्हसळ्याला फोन केला. मावशी स्वतः बोलली. येते रे, गजरा आणून ठेव, म्हातारीला नटायला नको का? इतका बरा वाटला तो आवाज.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी गजरा आणला.

दुपारी तीनला आत गाणं सुरू झालं. मोठ्यानं, पहिल्यांदाच. आय. मग दुसरा गळा, तिची ओळ उचलणारा. जाड, थोडा घोगरा. ओळखला. माझा आनंद गगनात मावेना. धावत फाटकाकडं गेलो, म्हटलं, एक दिवस आधीच आली की म्हातारी!

फाटकावर गाडी नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. मावशीची लेक. रडत होती. सकाळी अकराला, म्हणाली. झोपेतच.

आत दोघी गात होत्या.

मग मधेच तुटलं. दोघींचंही, एकदम. आणि एक तिसरा आवाज हसला.

गजरा —

१ नोव्हेंबर, शनिवार

निघायचं. आज निघायचंच. पिशवी भरली. आत कुणी असेना, आय असेना. मावशी आता त्यांच्यात बसली, बोळवण म्हणायला जिवंत माणूस कोणी उरलं नाही.

फाटकापर्यंत गेलो. चपला पुढं, मी मागं. डावी ओढत. मी म्हटलं, कोकिळे, तू मला सोडून रोज इथं येऊन का उभी राहतेस? काही नाही. नुसती उभी. मला तिचा श्वास ऐकू येत होता. इतका जवळ.

तेवढ्यात मागून आयची हाक. अंबू. अंबू रं. ये, बस जरा.

एकवीस वर्षांत मला कुणी अंबू म्हटलं नाही. शेठ म्हणतात, भाई म्हणतात, बाबा म्हणतात.

म्हटलं, एकदाच. दारातूनच. बघून येतो.

आत गेलो.

मांडवात कोणीच नव्हतं. आय नाही, बापूस नाही. पाट ओला. आणि अंबू म्हणणारा आवाज पाटावरून येत होता —

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठलो. हात पिवळे. तळव्यांपासून कोपरापर्यंत. धुतले. साबण, वाळू, रॉकेल. जात नाही.

पिशवी कुठं ठेवली आठवत नाही. गाडीची चावी होती, खिशात आता सुपारी आहे.

गावातून तुळशीच्या लग्नाच्या मंगलाष्टका येतायत. ऊस, चिंचा, फटाके. पोरं ओरडतायत. मुहूर्त उघडले.

माझ्या कपाळावर बाशिंग आहे. मी बांधलं नाही.

डाव्या पाटावर बसायला सांगतात. नाही, उजव्या. डावा तिचा. मी लिहितोय तोवर हात माझा आहे, म्हणून लिहितोय —

फाटकाशी चपला. आत्ताही. तिथंच.

आता आठवलं. देवा, आत्ता आठवलं. कुठल्याही लग्नात जेवण झालं की कोकिळा चपला घालून फाटकाशी जाऊन उभी राहायची. तोंडानं कधी चला म्हटलं नाही. मी गप्पांत रंगलेला असायचो आणि ती उभी. तासभर. मी येईपर्यंत. एवढंच सांगायचं असायचं तिला, की आता निघू या. सोडून जात नव्हती. अकरा दिवस ती मला —

येतो. कोकिळे, आलो, थांब —

पाय उठत नाहीत. पाट धरून ठेवतोय.

अंतरपाट धरलाय. कोणी धरलाय? टोकांना हात दिसत नाहीत. कापड खालून भिजत वर येतंय. पलीकडं ठिबकतंय. मिठागराचा वास, साठलेल्या पाण्याचा. मला सगळ्यांचे श्वास ओळखता येतात, आयचा, बापसाचा, मावशीचा, कोकिळेचा. हा कुणाचाच —

फाटकाशी चपला वाजल्या. एकदा. जोरात. ती आत येतेय, धावत, डावी ओढत, व्हरांड्यापर्यंत आली —

अंतरपाट खाली